माळ्यावरच्या फ्लॉप्या: आतला डेटा वाचवायचा कसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत

मागच्या एप्रिलमध्ये मामांच्या घरचा माळा उपसला. घर पूर्व भागात, वर पत्रा, बाहेर सोलापूरचं ऊन, माळ्यावर हात लावेल ती वस्तू तापलेली. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्रेचाळीस फ्लॉप्या निघाल्या. मामांचा चादरीचा कारखाना होता, आता बंद आहे, आणि त्या काळी डिझायनरनं कॉम्प्युटरवर काढून दिलेली जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्रणेची, डिझाईनं याच फ्लॉप्यांवर होती. त्याच नक्षीची भोकं पाडलेल्या पंचकार्डांचे गठ्ठे केव्हाच उंदरांनी संपवले. मामा म्हणाले, "कार्डं तर गेली रे, ह्यातनं काय निघतंय का बघ, तुझ्याकडं मशीन असतंय ना."

माझ्याकडं यूएसबी फ्लॉपी ड्राईव्ह होता. मी घाईघाईत डब्यातली वरचीच फ्लॉपी घेतली आणि घातली. खर्रर्र असा आवाज आला, मी अजून एकदा ट्राय केलं, मग ती काढून दुसरी घातली, तिचाही तसाच आवाज. नंतर शटर, म्हणजे फ्लॉपीवरचं सरकतं झाकण, सरकवून बघितलं तर पहिलीवर बुरशी होती, ती ड्राईव्हच्या हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या टोकाला, चिकटली आणि त्या घाण हेडनं दुसऱ्या चांगल्या फ्लॉपीवर गोल ओरखडा ओढला. दोन फ्लॉप्या माझ्या हातनं गेल्या, त्यातली दुसरी तर अगदी धडधाकट होती. ती गोष्ट मला अजून लागते, म्हणून हे सगळं नीट क्रमानं लिहितोय. तुमच्याकडं एकच फ्लॉपी असू दे नाहीतर दोनशे, क्रम मोडू नका.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. फ्लॉपी उघडून त्यातली हवी ती फाइल कॉपी करायची नाही. आधी डोळ्यांनी बघायची, गरज असेल तर पुसायची, मग एकाच बैठकीत अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं एकाच फाइलीत, घ्यायची, आणि मग फ्लॉपी बाजूला ठेवून जे काय करायचं ते त्या इमेजवर करायचं. कारण साधं आहे. हार्ड डिस्कमध्ये हेड चकतीपासून किंचित वर तरंगतं, फ्लॉपीत हेड चकतीला घासतं, म्हणजे वाचायच्या प्रत्येक प्रयत्नात थोडी झीज ठरलेली. वीस-तीस वर्षांनी त्या प्लास्टिकच्या चकतीवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थही कमकुवत झालेला असतो, त्यामुळं कधी कधी तुम्हाला एकच चांगला प्रयत्न मिळतो, तो फोल्डर उघडून बघण्यात घालवू नका.

नव्या फ्लॉप्याही आता कुणी बनवत नाही. सोनीनं २०१० मध्ये जाहीर करून मार्च २०११ ला जपानमधली विक्री थांबवली, आणि आज दुकानात मिळतात त्या जुना साठा. ड्राईव्हचंही तेच.

आधी यादी आणि फोटो

कंटाळवाणं काम आहे पण हेच आधी करा. प्रत्येक फ्लॉपीला नंबर द्या आणि दोन्ही बाजूंचे मोबाईलवर फोटो काढा. लेबलवर हातानं लिहिलेलं असतं ते पण डेटाच आहे बरं का, मामांच्या एका फ्लॉपीवर "मोर जोडी, बॉर्डर बदलली" एवढंच लिहिलेलं, आणि पुढं आत दोन फाइली निघाल्या तेव्हा कुठली नवी कुठली जुनी ते त्या तीन-चार शब्दांवरून कळलं. लेबलचा गोंद वाळून ते सुटायला आलेलं असतं, सुटलं तर फेकू नका, त्याच नंबरच्या पाकिटात टाका, आणि अर्धवट सुटलेलं लेबल असलेली फ्लॉपी ड्राईव्हमध्ये घालू नका, आत अडकते.

नंबर वेगळ्या छोट्या कागदावर लिहून मग चिकटवा. मोठ्या मऊ फ्लॉपीवर बॉलपेननं दाबून लिहिलं तर आतल्या चकतीवर वळ उठतो.

कुठली फ्लॉपी आहे ते ओळखा

आपल्याकडं घराघरात सापडतात त्या बहुतेक साडेतीन इंची, कडक प्लास्टिकच्या. तिच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत भोकं असतील तर ती एचडी, म्हणजे १.४४ एमबीवाली. एकाच कोपऱ्यात भोक असेल तर ती डीडी, ७२० केबी. सव्वापाच इंची मऊ फ्लॉपी असेल तर ती ३६० केबी किंवा १.२ एमबी, मधल्या मोठ्या भोकाभोवती जाड रिंग चिकटवलेली असेल तर बहुतेक ३६० केबीची, अर्थात याला अपवाद असतात. आठ इंचीसुद्धा असायच्या, आयबीएमनं १९७१ मध्ये आणल्या त्या, पण घरात सापडायची शक्यता कमी.

साडेतीन इंची असेल तर यूएसबी ड्राईव्हवर काम होऊ शकतं. सव्वापाचचं यूएसबीवर होत नाही, तिची वाट वेगळी, ती खाली सांगतो.

लिहिण्यावर बंदी

फ्लॉपी कुठल्याही मशीनमध्ये जायच्या आधी तिच्यावर लिहिण्याची सोय बंद करा. साडेतीन इंचीच्या पाठीमागं कोपऱ्यात छोटी खिटी असते, ती सरकवून भोक उघडं करायचं, आरपार दिसलं की बंदी लागली. सव्वापाचमध्ये उलटं, बाजूला चौकोनी खाच असते ती झाकली की बंदी, त्यावर अपारदर्शक चिकटपट्टी लावायची, पारदर्शक सेलोटेप चालत नाही कारण बऱ्याच ड्राईव्हना खाच उजेडावरून कळते. हे उलटसुलट लक्षात राहत नाही म्हणून मी टेबलावर चिठ्ठी लावून ठेवली आहे: लहान उघडी, मोठी झाकलेली.

ही बंदी ड्राईव्ह स्वतः पाळतो, त्यामुळं चुकून विंडोजच्या "फॉरमॅट करायचं का" या प्रश्नाला कुणी हो म्हटलं तरी फ्लॉपीवरचा डेटा सुरक्षित राहतो.

शटर सरकवा, उजेडात बघा

इथं घाई करायची नाही. ट्यूबलाईटखाली किंवा खिडकीशी बसा. धातूचं शटर अंगठ्यानं सरकवून धरा, मागच्या बाजूची गोल धातूची चकती बोटानं हळूहळू फिरवा, आणि आतला पृष्ठभाग तिरक्या उजेडात पूर्ण एक फेरा बघा. मग दुसरी बाजू. चांगली चकती काळपट-तपकिरी आणि सगळीकडं सारखी चकचकीत दिसते. पांढरे किंवा राखाडी ठिपके, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी म्हणजे बुरशी. गोल रेघा म्हणजे आधीच कुणीतरी घासलेली. रेघेतून पलीकडचा उजेड दिसला तर तिथला थरच उडाला, तिथलं काहीही परत येणार नाही.

मामांच्या त्रेचाळीसपैकी अकरा फ्लॉप्यांवर ठिपके होते. सोलापूर कोरडं म्हणून इथं बुरशी कुठली, असं मलाही वाटायचं, पण सप्टेंबरात पाऊस आला की पत्र्याखाली दमट होतं आणि डब्याचं झाकण घट्ट असेल तर ती ओल आतच कोंडते. दुसरी इथली गोष्ट म्हणजे कापसाची तूस. यंत्रमाग असलेल्या घरात ती कुठंही शिरते, शटरच्या फटीतून पण, आणि ती हेडखाली सापडली की वाचताना एरर येतात. ती फुंकून काढू नका, फुंकरीत थुंकी उडते, हातानं दाबायचा हवेचा रबरी पंप कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो तो वापरा.

चकती बोटानं फिरवताना अडखळत असेल, जड वाटत असेल, तर जोर लावू नका. फ्लॉपीची कड हातावर हलकेच आपटून परत ट्राय करा, आतलं कापडी अस्तर चकतीला चिकटलेलं असतं ते सुटतं.

माळ्यावरून किंवा गोदामातून आणलेली फ्लॉपी लगेच एसीच्या खोलीत नेऊन लावू नका. एक दिवस तरी खोलीच्या तापमानाला पडू द्या.

पुसायचं कसं

बुरशी असेल तरच. स्वच्छ दिसणारी फ्लॉपी पुसायची अजिबात गरज नाही.

लागतं काय, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्केवालं. मोबाईल रिपेअरिंगवाले बोर्ड साफ करायला हेच वापरतात, त्यांच्याकडं किंवा ते जिथून सामान घेतात तिथं मिळतं. हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन आणि वास घातलेला असतो, त्याचा थर चकतीवर बसतो. कापूस पण नको, धागे सुटतात, फोमच्या टोकाची काडी घ्या. तोंडाला मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, आणि देवघरातला दिवा किंवा गॅस जवळ नको, हे भडकन पेटतं.

काडी ओली करायची, निथळू द्यायची, शटर सरकवून पृष्ठभागावर नुसती टेकवायची आणि दुसऱ्या हातानं चकती फिरवायची. घासायचं नाही, काडी स्थिर आणि चकती फिरती. एक फेरा झाला की काडी बदला, नाहीतर तीच बुरशी परत पसरते. काडीवर तपकिरी रंग उतरायला लागला की थांबा, तो रंग म्हणजे घाण नाही, तुमचा डेटा आहे. दोन्ही बाजू झाल्या की पूर्ण वाळू द्या.

बुरशी जास्त असेल तर कवच उघडावं लागतं. शटर हलक्या हातानं काढायचं, पातळ पट्टीनं कवचाचा एक कोपरा उचकटून दोन्ही भाग वेगळे करायचे, चकती फक्त मधल्या धातूला आणि कडेला धरून बाहेर काढायची, पुसून वाळवून दुसऱ्या एका स्वच्छ, बिनकामाच्या फ्लॉपीच्या कवचात बसवायची. पृष्ठभागावर बोट लागता कामा नये आणि वरची बाजू वरच राहिली पाहिजे. आधी दोन-तीन रिकाम्या फ्लॉप्यांवर हात बसवा. मी मामांच्या चार फ्लॉप्या अशा कवच बदलून वाचवल्या, पण त्याआधी दुकानात पडलेल्या सहा जुन्या फ्लॉप्या याच कामात फोडल्या.

ड्राईव्हची तयारी

ड्राईव्हचं हेड साफ आहे याची खात्री करून मगच पहिली फ्लॉपी. तेच अल्कोहोल, तीच फोमची काडी, दोन्ही हेड हलकेच पुसायची, वरचं हेड नाजूक पट्टीवर असतं ते उचलताना वाकवू नका. मग जिच्यात काही महत्त्वाचं नाही अशी एखादी टेस्टची फ्लॉपी घालून वाचून बघा आणि बाहेर काढून परत उजेडात बघा, नवीन रेघ उमटली असेल तर तो ड्राईव्ह तुमच्या फ्लॉप्या खाणार. पुसलेल्या बुरशीवाल्या फ्लॉप्या सगळ्यात शेवटी घ्या आणि त्यांच्यात प्रत्येकीनंतर हेड पुसा.

वाचताना कान उघडे ठेवा. टक टक टक असा एका लयीतला आवाज चालतो, तो हेड पुढं सरकायचा आवाज आहे. खरखर किंवा बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला की त्याच क्षणी काढा, "अजून एकदा बघू" असं करू नका.

शक्य असेल तर एकाहून जास्त ड्राईव्ह जमवा. जुन्या ड्राईव्हचं हेड जरा बाजूला सरकलेलं असायचं आणि त्यानं लिहिलेली फ्लॉपी त्याच ड्राईव्हवर सगळ्यात चांगली वाचली जायची, म्हणून घरातला तो जुना पीसी अजून असेल तर भंगारात देऊ नका, निदान त्यातला ड्राईव्ह काढून घ्या. तो पीसी चालू करायचाच झाला तर फ्लॉपी आत ठेवून चालू करू नका, नव्वदच्या दशकातले बूट व्हायरस याच वाटेनं जायचे. आपल्याकडचा जोशी व्हायरस आठवत असेल जुन्या लोकांना, १९९० चा, ५ जानेवारीला मशीन अडून बसायचं आणि "हॅपी बर्थडे जोशी" टाइप केल्याशिवाय पुढं जायचं नाही. तो इमेजमध्ये आला तरी घाबरू नका, इमेज म्हणजे नुसती फाइल आहे, आजच्या मशीनला त्याचा काही त्रास नाही. फक्त अँटीव्हायरसनं ती फाइलच उडवू नये म्हणून तो फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा.

इमेज घेणे

१.४४ च्या फ्लॉपीला दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक म्हणजे गोल पट्टे, ट्रॅकला १८ सेक्टर म्हणजे त्या पट्ट्याचे तुकडे, आणि सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार केला की बरोबर १४,७४,५६० बाइट येतात. इमेजची साइज एवढीच आली पाहिजे, एकही कमी-जास्त नाही. ७२० ची ७,३७,२८० बाइट, ३६० ची ३,६८,६४०, आणि १.२ ची १२,२८,८००. हे आकडे लिहून ठेवा, प्रत्येक इमेजनंतर ताडून बघा.

विंडोजवर सगळ्यात सोपा प्रोग्रॅम विनइमेज. फ्लॉपी घाला, विंडोजनं फॉरमॅटचं विचारलं तर नाही म्हणा, विनइमेजच्या डिस्क मेनूत रीड डिस्क, मग यादीतल्या नंबरनं सेव्ह. चांगल्या फ्लॉपीला एक-दोन मिनिटं लागतात. एक फेरा एक ट्रॅक असं धरलं तर मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या हिशोबानं नुसतं वाचन अर्ध्या मिनिटाचं आहे, त्यामुळं काम पाच-दहा मिनिटं रेंगाळलं तर समजा की ड्राईव्ह कुठंतरी त्याच त्याच जागी घासतोय.

अशा रेंगाळणाऱ्या फ्लॉपीसाठी माझा भरवसा लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूवर आहे. लिनक्स इन्स्टॉल करायला नको, पेनड्राईव्हवरून चालवा, फक्त इमेज दुसऱ्या पेनड्राईव्हवर सेव्ह करा, नाहीतर मशीन बंद केलं की सगळं गेलं. सुरुवातीला डिस्कांची यादी बघून १.४ एमबीवाली कुठली ते नक्की करा, इथं नाव चुकलं तर दुसऱ्याच डिस्कची वाट लागते. या प्रोग्रॅमची गंमत त्याच्या मॅप फाइलमध्ये आहे. कुठले सेक्टर वाचले आणि कुठले राहिले याची नोंद तो त्या फाइलमध्ये ठेवतो. पहिल्या फेरीत त्याला सांगायचं की अडलं तिथं थांबू नको, पुढं जा, म्हणजे फ्लॉपी ठीक आहे तोवर सोपा भाग सगळा हातात येतो. दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या सेक्टरांवर तीन वेळा प्रयत्न करायचा. आणि आता खरी युक्ती: फ्लॉपी काढा, दुसऱ्या ड्राईव्हमध्ये घाला, तीच इमेज आणि तीच मॅप फाइल देऊन परत चालवा, तो फक्त उरलेली भोकं भरायला जातो. मामांच्या २७ नंबरच्या फ्लॉपीत पहिल्या ड्राईव्हवर ३८ सेक्टर राहिले होते, दुसऱ्यावर ९ राहिले, तिसऱ्या एका भंगारातून आणलेल्या ड्राईव्हवर शून्य. त्या रात्री साडेअकराला मामांना फोन केला, झोपेतून उठून म्हणाले, "मोर आला का?"

थोडं आतलं सांगतो म्हणजे एरर कुठं आला यावर किती घाबरायचं ते कळेल. १.४४ च्या डॉस (विंडोजच्या आधीची सिस्टिम) फ्लॉपीत पहिला सेक्टर बूटचा, म्हणजे मशीन चालू करायचा, मग फाइल कुठं कुठं ठेवली आहे त्याचा तक्ता नऊ सेक्टरांचा, त्याचीच दुसरी प्रत अजून नऊ सेक्टरांची, मग फाइलींच्या नावांची यादी १४ सेक्टरांची. पहिले ३३ सेक्टर म्हणजे घराची वहीच आहे. तक्त्याची एक प्रत खराब झाली तरी दुसरी असते, पण नावांची यादी गेली तर फाइली आहेत आणि दिसत नाहीत अशी अवस्था. तेव्हा इमेजवर फोटोरेक नावाचा प्रोग्रॅम चालवायचा, तो नावाकडं बघत नाही, फाइलची सुरुवात ओळखून ती बाहेर काढतो, नावं जातात पण मजकूर येतो. डिलीट केलेलं पण बऱ्याचदा परत येतं, कारण डॉस डिलीट करताना नावाचं पहिलं अक्षर बदलायचं आणि तक्त्यात ती जागा मोकळी दाखवायचं, मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथंच असायचा. अख्खी इमेज घ्या म्हणतो ते यासाठी पण.

विंडोज "फॉरमॅट नाही" म्हणतंय म्हणजे फ्लॉपी रिकामी किंवा मेलेली असं नाही. डीटीपीवाल्यांकडच्या बऱ्याच फ्लॉप्या मॅकच्या असायच्या. १.४४ ची मॅक फ्लॉपी यूएसबी ड्राईव्हवर वाचली जाते, इमेज येते, फक्त विंडोजला आतलं समजत नाही.

यूएसबी ड्राईव्हच्या पलीकडचं

सव्वापाच इंची, मॅकच्या जुन्या ४०० आणि ८०० केबीवाल्या, शाळांमधल्या बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरच्या, एम्ब्रॉयडरी मशीनच्या स्वतःच्या फॉरमॅटच्या, आणि डीडीरेस्क्यूला पण दाद न देणाऱ्या, या सगळ्यांसाठी ग्रीसवीझल नावाचं छोटं बोर्ड मिळतं. कीर फ्रेझर यांनी बनवलेलं, डिझाईन सगळ्यांना खुलं. क्रायोफ्लक्स पण याच प्रकारचं.

याचं काम समजून घ्या. साधा ड्राईव्ह कंट्रोलर चकतीवरचे चुंबकीय बदल ऐकतो, त्याचे बिट बनवतो, हिशोब जुळला नाही की "एरर" म्हणून सगळा सेक्टर टाकून देतो. हे बोर्ड अर्थ लावायच्या भानगडीत पडत नाही, प्रत्येक बदल किती वेळानं आला एवढंच नोंदवून घेतं. समोरचा काय म्हणाला ते लिहून घेण्याऐवजी त्याचं रेकॉर्डिंग करून ठेवल्यासारखं. अर्थ नंतर सॉफ्टवेअरमध्ये निवांत लावा, आज जमला नाही तर दोन वर्षांनी लावा, फ्लॉपीला परत हात लावायला नको. प्रत्येक ट्रॅकचे तीन ते पाच फेरे घ्या, एका फेऱ्यात डळमळीत आलेलं दुसऱ्यात नीट येतं.

याला यूएसबी ड्राईव्ह चालत नाही, ३४ पिनच्या पट्टीचा जुना ड्राईव्ह लागतो. सव्वापाचच्या ड्राईव्हला १२ व्होल्ट पण लागतात, जुन्या पीसीचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, जोडा. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राईव्हवर वाचायला हरकत नाही, फक्त त्या ड्राईव्हचे ट्रॅक दुप्पट दाट असतात म्हणून एक सोडून एक वाचायला सांगावं लागतं. बोर्ड मागवायला आणि जमवायला वेळ लागतो, घरात चार-पाचच फ्लॉप्या असतील तर ज्याच्याकडं हे आहे अशा माणसाला गाठा, तेच बरं.

कारखान्यात अजून फ्लॉपीवर चालणारं जकार्ड किंवा एम्ब्रॉयडरी मशीन असेल तर इमेज घेतल्यावर मशीनच्या ड्राईव्हच्या जागी गोटेक, म्हणजे पेनड्राईव्ह घ्यायचा नकली फ्लॉपी ड्राईव्ह, बसवता येतो का ते मेकॅनिकला विचारा. पेनड्राईव्हवर इमेज टाकायच्या आणि मशीनला वाटतं फ्लॉपीच आहे. पण सगळ्या मूळ फ्लॉप्यांच्या इमेज झाल्याशिवाय जुना ड्राईव्ह काढून टाकू नका.

फाइली बाहेर काढल्या, आता मराठीचं काय

इमेज सेव्हन-झिप या प्रोग्रॅमनं उघडते, फाइली एका नवीन फोल्डरात काढा. फोल्डरात बॅकअप नावाची एकच मोठी फाइल आणि कंट्रोल नावाची एक छोटी दिसली तर तो डॉसचा बॅकअप आहे, अनेक फ्लॉप्यांवर पसरलेला, त्याच्या सगळ्या फ्लॉप्या मिळाल्याशिवाय नीट जुळणार नाही. जुन्या वर्डच्या, लोटसच्या, डीबेसच्या, बऱ्याच कोरलड्रॉच्या आणि पेजमेकरच्या फाइली लिबरऑफिस उघडतं. मामांची डिझाईनं बीएमपी होती, ती तर डबल क्लिकवर उघडली, एका चौकोनाला एक धागा, मोजून घ्यावं असं स्वच्छ.

खरा प्रश्न मराठी मजकुराचा. आमच्या गल्लीतल्या मंडळाची जुनी स्मरणिका माझ्याकडं आली होती, फ्लॉपी उत्तम, इमेज पूर्ण, फाइल उघडली तर सगळा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. फाइल खराब नव्हती. युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या कोडच्या, आधी श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम, कृतीदेव असे प्रकार होते, त्यात फाइलमध्ये इंग्रजीचे कोड असायचे आणि फॉन्ट त्यावर मराठी आकार काढायचा. फॉन्ट नाही तर मराठी नाही. त्यामुळं फॉन्टच्या फाइली सापडतील तिथून त्याच फोल्डरात जपून ठेवा, बऱ्याच लोकांनी फॉन्टची वेगळी फ्लॉपी केलेली असायची, तिच्यावर नुसतं "फॉन्ट" लिहिलेलं असतं म्हणून ती बिनकामाची समजून टाकून देतात. ती आधी वाचवा.

फाइलीत फॉन्टचं नाव बघा, तो फॉन्ट टाका, मराठी दिसायला लागलं की सगळ्यात आधी तशीच पीडीएफ करा. मूळ पान कसं दिसत होतं त्याचा तो पुरावा. मग त्या फॉन्टसाठीच बनवलेल्या कन्व्हर्टरनं युनिकोड करा, एका कंपनीच्या फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या प्रमाण कोडमधला मजकूर असेल तर काम सोपं, त्यात आकार नाही तर अक्षरंच उच्चाराच्या क्रमानं साठवलेली असतात.

तपासायचं कुठं, तर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलटं. कन्व्हर्टर कच्चा असेल तर "कार्यकारिणी"चं "कायर्कािरणी" होतं. मी प्रत्येक फाइलीत आधी हाच शब्द शोधतो, संस्थांच्या कागदांत तो असतोच आणि दोन्ही चुका एकाच शब्दात पकडल्या जातात. मग "मार्च", "वर्गणी", "सोलापूर" आणि माणसांची नावं. नावं मात्र मशीनवर सोडू नका, पीडीएफ शेजारी ठेवून एकेक वाचा. त्या स्मरणिकेत वर्गणीदारांची दोनशेच्या वर नावं होती, त्यातले बरेच जण आता नाहीत, मी आणि मंडळाच्या एका काकांनी तीन संध्याकाळी बसून वाचली, आणि काका प्रत्येक नावाला घर सांगत होते, हा कन्ना चौकातला, हा साखर पेठेतला. ते पण मी बाजूला टिपून घेतलं.

ठेवायचं कसं

प्रत्येक फ्लॉपीचा एक फोल्डर: मूळ इमेज, मॅप फाइल असेल तर ती, लेबलचे फोटो, काढलेल्या फाइली, आणि शेवटी रूपांतर केलेलं. मूळ इमेज फक्त वाचण्यापुरती करून ठेवा, तिच्यात कधीच बदल करायचा नाही. प्रत्येक इमेजचा शा-२५६, म्हणजे फाइलीच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, काढून यादीत लिहा, पुढं कॉपी करताना काही बिघडलं तर तो आकडा बदलतो आणि लगेच कळतं. जागेची काळजी नको, शंभर फ्लॉप्या म्हणजे दीडशे एमबीच्या आत. तीन प्रती करा, एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडं किंवा ऑनलाइन. नुसत्या पेनड्राईव्हवर ठेवून कपाटात टाकू नका, पेनड्राईव्ह पण वर्षानुवर्षं पडून राहिला की विसरतो.

मूळ फ्लॉप्या इमेज झाल्या म्हणून फेकू नका. उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक नको, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याच्या आधी त्या बदला. इन्व्हर्टर, स्पीकर आणि मिक्सरपासून लांब, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर नाहीच, घरातल्या आतल्या खोलीत भिंतीतलं कपाट सगळ्यात बरं.

ज्या वाचल्या गेल्या नाहीत त्या वेगळ्या पाकिटात. पाकिटावर तारीख, कुठल्या कुठल्या ड्राईव्हवर ट्राय केली, किती सेक्टर राहिले, पुसली का, हे लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला परत तेच प्रयत्न करून ती अजून झिजवावी लागणार नाही. मामांच्या त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस पूर्ण आल्या. माझ्या हातनं गेलेल्या दोन आणि थर उडालेल्या दोन अशा चार त्या पाकिटात आहेत, नंबर ६, ७, १९ आणि ३४. ७ नंबरच्या फ्लॉपीत ओरखड्याच्या बाहेरचा बराच भाग शाबूत दिसतोय, तिचं ग्रीसवीझलनं पाच-पाच फेऱ्यांचं वाचन घेऊन ठेवलं आहे आणि त्यातली एक बॉर्डर आत्तापर्यंत अर्धी जुळली आहे.